मीशा मन्सूरचं प्रिसिजन ड्राइव्ह, दीड वर्ष वापरून

आधीच सांगतो, हे इलेक्ट्रिक गिटारचं पेडल आहे, गिटार आणि अ‍ॅम्पच्या मधे जोडायचा छोटा डबा, आणि डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा फाटलेला आवाज, वाढवायला पेडल हवं असेल तर हे घेऊ नका. माझ्या ओळखीतल्या एकाने तसंच समजून घेतलं, परदेशातून मामेभावाकडून मागवलं, महिनाभर वाजवलं आणि वैतागून विकायला काढलं. ते मी घेतलं, साडेतेरा हजाराला, दादर पश्चिमेला फुलबाजाराच्या तोंडाशी उभं राहून, संध्याकाळी सातची गर्दी, लोक अंगावरून जातायत आणि आम्ही दोघं खोका उघडून नॉब फिरवून बघतोय. पैसे घेताना तो म्हणाला, "यात दमच नाही रे, लावलं काय आणि नाही लावलं काय." त्याला आता दीड वर्ष झालं. तेवढ्या काळात माझ्या पेडलबोर्डवरून दोन पेडलं गेली, हे मात्र जागचं हललेलं नाही. मराठीत याच्याबद्दल काही वाचायला मिळालं नाही आणि जे घेतात ते चुकीच्या अपेक्षेने घेतात, म्हणून म्हटलं नीट बसून लिहू.

तर हे होरायझन डिव्हायसेस कंपनीचं प्रिसिजन ड्राइव्ह. कंपनी मीशा मन्सूरची, म्हणजे पेरिफरीचा गिटारिस्ट. पेरिफरी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अमेरिकेत वॉशिंग्टन डीसीला लागून मेरिलँड आहे तिथला प्रोग्रेसिव्ह मेटल बँड, २००५ साली यानेच सुरू केला, आणि बँडमध्ये गिटारिस्ट तीन. तीन हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पेडलवर पाच नॉब आहेत. व्हॉल्यूम, ड्राइव्ह, ब्राइट, अटॅक आणि गेट. पहिले तीन कुठल्याही ओव्हरड्राइव्हवर, म्हणजे या जातीच्या पेडलवर, या ना त्या नावाने असतातच. सगळं काम आहे ते अटॅक आणि गेट या दोघांत, आणि ते कशाला दिलेत हे कळायला आधी आपल्या जॅम पॅडमध्ये, म्हणजे सरावाच्या भाड्याच्या खोलीत, काय होतं ते बघावं लागेल.

मी सात तारांची गिटार वाजवतो. दर रविवारी भांडुपहून गिटार पाठीला लावून लोकलने दादर, तिथून वेस्टर्नला बदलून अंधेरी, लगेजच्या डब्यात उभं राहून, आणि अंधेरीत तासाच्या भाड्यावर एक खोली मिळते, भिंतींना गालिचा ठोकलेला, एसी कधी चालतो कधी नाही. नेहमीच्या गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते. सात तारांची जी जाड तार असते, बी, ती ६२ हर्ट्झच्या आसपास. पेरिफरीवाले काही गाण्यांत ती अजून उतरवून जी शार्पला नेतात, म्हणजे ५२ हर्ट्झ. आता किक ड्रमचा दणका ५० ते १०० च्या मधे कुठेतरी बसतो आणि बेस गिटारची पण तीच जागा, म्हणजे एकाच चाळीच्या खोलीत तीन कुटुंबं. त्यात अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे सिग्नल किती फुगवायचा ते, आपण सगळेच लागतो त्यापेक्षा जास्त ठेवतो. मग पाम म्यूट, म्हणजे तळहात तारांवर टेकवून ठोका, मारला की जो सुटा सुटा ठोका ऐकू यायला हवा त्याच्या जागी नुसतं भद्द होतं, ड्रमर म्हणतो मला माझी किक ऐकू येत नाही, बेसवाला आवाज वाढवतो, मग मी वाढवतो, आणि वीस मिनिटांत सगळ्यांचे कान बसतात. तीन वर्षं आमचं हेच चाललं होतं, आणि मला वाटायचं अ‍ॅम्प खराब आहे.

अ‍ॅम्प खराब नव्हता. डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नल इतका फुगवायचा की त्याची टोकं छाटली जातात. जाड तारेत सगळ्यात जोर असतो तो खालच्या भागाला, त्यामुळे अ‍ॅम्पमध्ये तोच आधी घुसतो आणि सगळी जागा खातो, वरचे सूर त्याच्याबरोबर हेलकावे खातात आणि त्याचा चिखल होतो. एकदा तो झाला की मागून इक्वलायझरने बेस कितीही कमी करा, आवाज बारीक होतो पण चिखल तसाच राहतो. भात शिजल्यावर खडे वेचता येत नाहीत, तांदूळ निवडतानाच वेचावे लागतात. म्हणून खालचा भाग कापायचा तो अ‍ॅम्पच्या आधी.

ही युक्ती मीशाची नाही हे पण सांगायला हवं. मेटलवाले कित्येक वर्षं ट्यूब स्क्रीमर नावाचं जुनं ओव्हरड्राइव्ह पेडल लावून हेच करतायत, ड्राइव्ह शून्यावर, व्हॉल्यूम फुल्ल, आणि पुढे ५१५० सारखा दणकट अ‍ॅम्प. ट्यूब स्क्रीमर खालचं कापतो आणि ७२० हर्ट्झच्या आसपास मधला भाग वर काढतो. पण तो मुळात ब्लूज आणि रॉक वाजवणाऱ्यांसाठी बनलेला, किती कापायचं ते त्यात ठरलेलं, सहा तारा असोत की आठ, कापणार तेवढंच. मीशाने काय केलं, किती कापायचं ते वाजवणाऱ्याच्या हातात दिलं. अटॅकचा नॉब इतरांसारखा गुळगुळीत फिरत नाही, त्याला सहा टप्पे आहेत, कट् कट् करत बसतो, आणि प्रत्येक टप्प्यावर खालचा भाग अजून थोडा कापला जातो आणि पिक तारेवर आपटल्याचा आवाज पुढे येतो.

हे मला सगळ्यात नीट समजावलं ते माझ्या काकांनी, आणि त्यांना मेटलमधलं काहीही माहीत नाही. काका गिरगावात भजनी मंडळात पखवाज वाजवतात, चाळीस वर्षं झाली. गणपतीत ते आमच्याकडे आले होते आणि मी हेडफोन काढून छोट्या स्पीकरवर हा नॉब एकेक टप्पा फिरवत तोच रिफ, म्हणजे गाण्यातला गिटारचा तुकडा, परत परत वाजवत होतो. काका चहाचा कप हातात घेऊन दारात उभे राहिले. पहिल्या टप्प्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्यावर मान थोडी वाकडी केली. तिसऱ्यावर आलो तसे म्हणाले, "हां, आता बरोबर. आधी कणीक जास्त लागली होती." ज्यांनी पखवाज जवळून पाहिलाय त्यांना कळेल. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी भिजवलेली कणीक लावतात, तिच्यामुळे घुमारा येतो, खर्ज येतो. कमी लावली तर आवाज पोकळ, जास्त लावली तर बोल एकमेकांत मिसळतात, धा कुठे संपला आणि पुढचा बोल कुठे सुरू झाला ते कळत नाही. काका चिमूटभर काढतात, थाप मारून बघतात, परत चिमूटभर लावतात, असं पाच पाच मिनिटं चालतं भजनाच्या आधी, आणि लहानपणी मला कंटाळा यायचा त्याचा. पाचव्या टप्प्यावर मी गेलो तर म्हणाले, "आता सगळीच काढलीस." अगदी खरं, पाच आणि सहावर माझ्या गिटारला आवाज पातळ होतो, ते टप्पे आठ तारवाल्यांसाठी ठीक असतील. मी घरी तीनवर असतो, अंधेरीच्या खोलीत चारवर, कारण त्या खोलीच्या कोपऱ्यात बेस साचतो.

आता हे असं पेडल त्यालाच का सुचलं. माझं मत असं की मीशा गिटारिस्ट आहेच, पण हा माणूस आधीपासून रेकॉर्डिंगवाला आहे, प्रोड्युसर आहे, आणि हे पेडल त्या कानाने बनलंय. बँड नावारूपाला यायच्या आधी कित्येक वर्षं तो बल्ब या नावाने साउंडक्लिक या वेबसाइटवर स्वतःचे डेमो टाकायचा. घरी बसून, गिटार स्वतः, बेस स्वतः, ड्रम कॉम्प्युटरवर एकेक ठोका मांडून, मिक्सिंग पण स्वतः. आजच्या पोरांना यात काय विशेष असं वाटेल, पण त्या वेळी मेटलचा आवाज म्हणजे मोठा स्टुडिओ, मोठा अ‍ॅम्प, माईक, आणि कुणीतरी अनुभवी इंजिनियर असंच डोक्यात होतं सगळ्यांच्या. हा बंद खोलीत जे रेकॉर्ड करायचा ते तेव्हाच्या छापून आलेल्या अल्बमांच्या तोडीचं वाटायचं, आणि जगभरातल्या पोरांनी ते ऐकून विचारायला सुरुवात केली की हे केलं कसं. २०२० पासून त्याने ते जुने डेमो आर्काइव्ह्ज नावाने रीतसर बाहेर काढले, ते जरूर ऐका, कारण त्यात एकाच माणसाचा कान वर्षागणिक कसा साफ होत गेला ते सरळ कळतं. त्याच्या करिअरमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे, ग्रॅमीचं नॉमिनेशन वगैरेपेक्षा कितीतरी जास्त.

दुसऱ्यासाठी त्याने काय केलं ते पण महत्त्वाचं. टोसिन अबासी या गिटारिस्टचा अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स हा प्रोजेक्ट, त्याचा पहिला अल्बम २००९ चा, तो मीशाने प्रोड्यूस केला आणि त्यातले ड्रम पण मीशाने प्रोग्राम केलेत. आठ तारांची गिटार, पूर्ण इन्स्ट्रुमेंटल, आणि तरी प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. म्हणजे पेरिफरीचा स्वतःचा पहिला अल्बम २०१० च्या एप्रिलमध्ये सुमेरियन रेकॉर्ड्सवर आला त्याच्या आधी दुसऱ्याचा एवढा मोठा अल्बम याच्या हातून गेला होता. पेरिफरीचा तो पहिला पण त्यानेच प्रोड्यूस केला. आणि आता तो तीनचा आकडा आठवा. एका बँडमध्ये तीन गिटार, तिन्ही उतरवलेल्या, रेकॉर्डिंगमध्ये एकच रिफ डावीकडे उजवीकडे परत परत वाजवून थर चढवलेले, वर बेस, वर डबल किक. एकेकट्या गिटारला खोलीत ऐकून जो आवाज भारी वाटतो, भरदार, पोटात लागणारा, तो घेऊन अशा तीन गिटार एकावर एक ठेवल्या तर काहीच ऐकू येणार नाही. तिथे प्रत्येक गिटारने खालची जागा सोडायला लागते, बेससाठी, किकसाठी. एकट्याने ऐकली तर ती गिटार जरा कोरडीच वाटते. माझ्या दादरवाल्या मित्राला हेच "दम नाही" असं ऐकू आलं, कारण तो घरी एकटा वाजवतो. हे पेडल बँडसाठी आहे आणि रेकॉर्डिंगसाठी आहे. मी पण पहिले चार दिवस घरी एकटाच वाजवत होतो आणि मला पण शंका आली होती, मग रविवारी खोलीत लावलं, तिसऱ्या गाण्याला ड्रमर थांबला आणि म्हणाला की आज माझी किक मला ऐकू येतेय, तू काय बदललंस. आवाज मी उलट कमी केला होता त्या दिवशी.

आता गेट. नॉइज गेट म्हणजे तुम्ही वाजवत नसाल तेव्हा आवाज बंद करणारं दार. पेरिफरीच्या संगीतात मधे मधे एकदम शांतता असते, ठोका, शांतता, दोन ठोके, शांतता, आणि ती शांतता पण तालातच मोजलेली असते. तिथे घूं असा आवाज राहिला तर रिफ गेला. मुंबईत याची गरज दुप्पट आहे असं मी म्हणेन. आमच्या बिल्डिंगचं वायरिंग जुनं, अर्थिंग नावाला, आणि पंख्याचा रेग्युलेटर दोनवर ठेवला की गिटारमध्ये गूं सुरू. पंखा बंद केला की आवाज बंद, पण मे महिन्यात भांडुपला पंखा बंद करून कोण वाजवणार. गेटचा नॉब थोडासा, घड्याळात नऊ वाजतात तिथपर्यंत फिरवला की हा गूं गायब होतो आणि वाजवताना गेट आहे हे कळत पण नाही. साडेदहाच्या पुढे नेला की मात्र लांबवलेला सूर शेवटाला तुटतो, एकदम कापल्यासारखा, त्यामुळे सोलो किंवा मोठे कॉर्ड वाजवणार असाल तर जपून. आणि एक गोष्ट नीट समजून घ्या, हे गेट अ‍ॅम्पच्या आधी आहे, त्यामुळे गिटारमधून येणारा आवाज ते बंद करतं, अ‍ॅम्प स्वतः जो सूं सूं करतो त्याला ते काही करू शकत नाही. त्यासाठी वेगळं गेट अ‍ॅम्पच्या लूपमध्ये, म्हणजे अ‍ॅम्पच्या मागच्या इफेक्ट्सच्या सॉकेटमध्ये, लावावं लागेल.

वीज हा विषय निघालाच आहे तर सांगतो, मी सुरुवातीला लॅमिंग्टन रोडवरून एक स्वस्त नऊ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणला आणि एकाच वायरला चार पेडलं जोडली. दुकानदार म्हणाला सगळं चालतं. चाललं, पण असा किणकिणाट यायला लागला की मला वाटलं पेडलच गेलं, दोन आठवडे मी त्या मित्राला फोन करून डोकं खात होतो. शेवटी प्रत्येक पेडलला वेगळं आउटपुट देणारा आयसोलेटेड सप्लाय घेतला आणि किणकिणाट त्याच रात्री थांबला. पेडलच्या किमतीत हा खर्च धरूनच चला.

ज्यांच्याकडे लाइन सिक्सचं हेलिक्स किंवा एचएक्स स्टॉम्प, म्हणजे अ‍ॅम्प आणि पेडलांची डिजिटल नक्कल करणारा मॉडेलर, आहे त्यांनी पैसे घालवू नका, त्यात होरायझन ड्राइव्ह नावाचं मॉडेल आहे ते याचंच, आधी ते लावून बघा. मी मित्राच्या स्टॉम्पवर दोन्ही बाजूबाजूला ऐकलं, रेकॉर्डिंगमध्ये फरक सांगता येईल असं मला तरी वाटत नाही. माझ्याकडे मॉडेलर नाही आणि जॅम पॅडमध्ये जो अ‍ॅम्प असेल त्यात वायर घालून सुरू व्हायचं असतं, म्हणून मला हा डबा बरा पडतो, बॅगेच्या पुढच्या खिशात मावतो.

मेटलवाल्या लोकांत मीशाबद्दल एक कुजबूज कायम चालते की हा आता वाजवतो कमी आणि विकतो जास्त. यादी खरंच मोठी आहे. जॅक्सनची त्याच्या नावाची जगरनॉट गिटार, बेअर नकलचे त्याच नावाचे पिकअप, २०१७ मध्ये आलेला पीव्हीचा इन्व्हेक्टिव्ह अ‍ॅम्प ज्यात गेट आणि बूस्ट आतच बसवलेत, बँडचा ड्रमर मॅट हॅल्पर्न आणि तेव्हाचा बेसिस्ट नॉली गेटगुड यांच्याबरोबर काढलेली गेटगुड ड्रम्स ही ड्रम सॅम्पलची कंपनी, आणि होरायझन. मला ही कुजबूज पटत नाही. बँडमधून पोट भरत नाही हे त्याने मुलाखतींत उघडपणे सांगितलंय, आणि याच बँडला ग्रॅमीचं नॉमिनेशन होतं, २०१७ चं, बेस्ट मेटल परफॉर्मन्ससाठी, जे शेवटी मेगाडेथला मिळालं. जगभर नाव झालेल्या बँडची ही अवस्था असेल तर आपल्याकडे चाळीस लोकांसमोर वाजवणाऱ्यांनी काय अपेक्षा ठेवायची. त्याने जगायचा रस्ता काढला तो ज्यात तो खरंच हुशार आहे त्यातून काढला. आणि त्यातली प्रत्येक वस्तू बघा, ड्रम प्रोग्राम करता करता जे हवं होतं ते ड्रम सॅम्पल, अ‍ॅम्पपुढे जे रोज लावत होता ते पेडल. नुसतं नाव भाड्याने दिलंय असं एकही मला दिसत नाही. पुढे सुमेरियन सोडून थ्रीडॉट रेकॉर्डिंग्ज हे स्वतःचं लेबल काढलं, २०१९ चा पेरिफरी फोर आणि २०२३ चा पेरिफरी फाइव्ह हे अल्बम त्याच्यावरच आलेत. त्या फाइव्हच्या नावातच म्हटलंय की जेंट, म्हणजे या बँडच्या संगीताला लोक जे नाव देतात तो, हा काही संगीताचा प्रकार नाही, आणि मला ते बरोबर वाटतं, कारण जेंट हा पाम म्यूटच्या आवाजावरून पडलेला शब्द, धिन किंवा ता म्हणतो तसाच बोल, आणि एका बोलावरून अख्ख्या घराण्याला नाव देऊन चालत नाही.

आपल्याकडे या रस्त्याने गेलेलं माणूस म्हणून मला लगेच आठवतो तो दिल्लीचा केशव धर. तो पण घरीच रेकॉर्ड करायचा, हायड्रोजेंट नावाने डेमो टाकायचा, त्याचं पुढे स्कायहार्बर झालं, २०१२ मध्ये इंग्लंडच्या बेसिक रेकॉर्ड्सवर पहिला अल्बम, दोन भागांचा, एका भागात टेसरॅक्ट या इंग्लिश बँडचा डॅन टॉम्पकिन्स गातो आणि दुसऱ्या भागात आपल्या मुंबईच्या भयानक मौत बँडचा सुनीथ रेवणकर. तो अल्बम आला तेव्हा मी कॉलेजला होतो, दुसरा भाग हार्बर लाइनच्या दारात उभं राहून ऐकलाय, आणि पहिल्यांदा वाटलं होतं की आपल्या इथल्या घरातून पण असा आवाज निघू शकतो. रंगभवन बंद झालं, रॅझबेरी आणि ब्लू फ्रॉग हे क्लब गेले, मेटल वाजवायला मुंबईत जागा उरल्यात बोटावर मोजण्याएवढ्या, त्यामुळे घरात बसून चांगलं रेकॉर्ड करता येणं ही आपल्यासाठी हौस नाही राहिली, गाणी लोकांपर्यंत जायचा तोच एक रस्ता आहे. म्हणून या पेडलबद्दल एवढं लांबण लावतोय.

तक्रारी आहेत. किंमत आपल्या खिशाला जड आहे, नवीन मागवलं तर कस्टम आणि कुरियर मिळून अजून वर जाते, आणि बिघडलं तर इथे कंपनीचं कुणी नाही, आपला नेहमीचा रिपेअरवाला उघडून बघेल तेवढंच. पावसाळ्यात माझा ब्राइटचा नॉब खरखरायला लागला होता, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून वीसेक वेळा फिरवल्यावर गेला, पण पेडल नवीन असतं तर मी उघडायला घाबरलो असतो. ड्राइव्ह नॉबचा मला काही उपयोग झालेला नाही, आठ वाजल्याच्या पुढे कधी नेला नाही, वाढवला की नुसता कचकचाट. ज्यांचा अ‍ॅम्प किंवा कॉम्प्युटरवरचा अ‍ॅम्पचा प्लगइन मुळातच घट्ट आहे त्यांना फरक फार जाणवणार नाही. जॅम पॅडमध्ये एकदा छोटा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प मिळाला होता, त्यावर तर आवाज अगदीच किरटा झाला, तिथे अटॅक एकवर आणून ब्राइट पूर्ण खाली केला तेव्हा कुठे जमलं. सिंगल नोट लीडला पण मी हे बंद करतो, तिथे अंग लागतं आवाजाला.

माझं सेटिंग विचारलं दोघातिघांनी म्हणून लिहून ठेवतो. सात तारा, जाड तार बी, ब्रिजकडचा हंबकर पिकअप. व्हॉल्यूम तीन वाजता, ड्राइव्ह शून्य, ब्राइट बारालाच, अटॅक तिसरा टप्पा, गेट नऊ. पुढे अ‍ॅम्पचा गेन जेवढा वाटतो त्यापेक्षा दोन पावलं कमी ठेवायचा, हे फार महत्त्वाचं, पेडल लावल्यावर गेन तसाच ठेवलात तर अर्धा फायदा गेला. प्रत्येक रिफ दोनदा वाजवायचा, दोन्ही वेळा खरोखर वाजवायचा, कॉपी पेस्ट करायचा नाही, एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे. माझ्या आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये मी चार चार थर चढवायचो, जाडी यावी म्हणून, आता दोनच ठेवतो आणि आवाज उलट मोठा वाटतो, कारण बेस गिटारला तिची जागा मिळालीय. आमचा बेसिस्ट पाच वर्षांत पहिल्यांदा म्हणाला की मिक्समध्ये मी आहे.

पुढच्या महिन्यापासून चार गाणी रेकॉर्ड करतोय, घरीच. दुपारी दोन ते चार, तेव्हा सोसायटीचा पाण्याचा पंप बंद असतो आणि शेजारचं बाळ झोपलेलं असतं. काकांना पण बोलावलंय, एका गाण्याच्या सुरुवातीला सोळा मात्रा नुसता पखवाज हवाय मला, ते म्हणाले येतो, पण कणीक घरची लागेल, बाहेरची नको.